जिचं सुतक धरलं नाही

पुस्तकांना कसर लागू नये म्हणून मी कपाटात वेखंड ठेवते, आणि त्याच्या वासानं मला आमचं प्रतापनगरचं रेल्वे क्वार्टर आठवतं, कारण तिथे माझ्या पहिल्या मुलीला आंघोळीनंतर वेखंड लावायचे. दोन महिन्यांची असताना ती तापानं गेली. दुसऱ्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, “दात न आलेल्या बाळाचं सुतक नसतं, सूनबाई. ऊठ, डबा कर.” मी पोळ्या लाटल्या. भेटायला कोणी आलं नाही. दुपारी मी वाचनालयाची कादंबरी उघडली. तिच्यात तान्हं बाळ गेलेल्या एका आईला लेखिकेनं पानंच्या पानं रडू दिलं होतं, तशी मीही रडले. सासूबाई दारात आल्या. पुस्तक ओढून घेतील असं वाटलं. “एवढं काय लिहिलंय? मोठ्यानं वाच,” म्हणत त्या जवळ बसल्या. ऐकता ऐकता त्यांनी पदर तोंडात धरला. “माझी दोन अशीच गेली गं. दोन्ही वेळा मी डबा केला.” त्या लेखिकेला मी कधी पत्र लिहिलं नाही, आणि आता त्या नाहीत. त्यांनी दिलेल्या धीरावर आज प्रथमच माझ्या नातवंडांना लिहिते आहे: बाळांनो, तुम्हाला एक थोरली आत्या होती.