अप्पांचा ट्रँगल

सव्वा महिना झाला. सासरे गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोएडाहून गुडगावला येणाऱ्या ऑफिसच्या कॅबमध्ये होते. नवरा एवढंच म्हणाला, "रेवा, अप्पा गेले." आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आज तक्त्यावर माझ्या खणात खूण कोण करणार...

अप्पा मानेसरला गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात क्वालिटीत होते. तिथल्या तक्त्यावर तीनच खुणा. पास मालाला गोल, बाद मालाला फुली, शंका आली की ट्रँगल. शाळेत आम्ही त्याला त्रिकोण म्हणायचो, पण अप्पांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही. दूधवाला ट्रँगल, सोसायटीचा सेक्रेटरी ट्रँगल, शेजारच्यांचा नवा जावई तर पक्का ट्रँगल! रिटायर झाल्यावर त्यांनी तसाच तक्ता फ्रिजवर लावला. गॅसची नळी, गीझर, बाल्कनीची कडी... आणि माझं लग्न होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच शेवटी नवी ओळ आली, 'रेवा'. नवऱ्याची ओळ नाही हं, माझीच.

माझा तिळपापड झाला. संध्याकाळी मी चपला काढतेय तोवर अप्पा बाल्कनीतून आत येऊन पेन्सिल घेऊन हजर. बहुतेक गोल, पण मधूनच ट्रँगल. का, म्हणून विचारलं तर "कुछ नहीं, असंच." सून किती वाजता आली, कुणाबरोबर आली, याची चक्क नोंद! एकदा भडकलेच.

"अप्पा, मी काय तुमच्या कारखान्यातला पार्ट आहे?"

"अगं, ट्रँगल म्हणजे बाद नव्हे. ट्रँगल म्हणजे सोडायचं नाही, परत बघायचं."

"मग उद्यापासून मीच गोल काढते."

"ते चालणार नाही. आपल्या मालाला आपण गोल द्यायचा नसतो."

त्यानंतर सहा वर्षं मी त्यांच्याशी जपूनच बोलले. फोन आला तरी खोलीत जाऊन घ्यायचे.

अप्पांचे दिवस झाल्यावर त्यांचं कपाट आवरताना जुने तक्ते निघाले, महिन्यांप्रमाणे टाचलेले. माझ्या प्रत्येक ट्रँगलसाठी कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात काहीतरी होतं. 'गाडीचा नंबर रोजचा नाही.' 'ड्रायव्हर नवा.' 'गेटपासून एकटी चालत आली.' आणि एका ठिकाणी, 'डोळे सुजलेले. विचारू का?' त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीचं, 'विचारलं नाही.'

मी तिथेच फरशीवर बसले. थोडी पाळत होतीच, हे मी आजही म्हणेन. पण त्यांना संशय होता तो रस्त्याचा, आणि मी मात्र सहा वर्षं त्यांचाच घेतला. लाज वाटली मला.

त्यांच्या हातचा शेवटचा तक्ता अजून फ्रिजवर आहे, काढवत नाही. काल घरी पोचले, चपला काढल्या आणि पेन्सिल हातात घेतली. वेळेवर आले होते, रोजच्याच गाडीने, रोजच्याच ड्रायव्हरबरोबर. गोल काढायला काहीच हरकत नव्हती. पण आपल्या मालाला आपण...

मी ट्रँगल काढला.