सुपात निवडलेली कॉफी

पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून मी कॉफी भाजायला लागलो, तेव्हापासून वडील माझ्याशी बोलत नव्हते. भांडण काही झालं नव्हतं. माझा फोन आला की ते तो आईच्या हातात द्यायचे, एवढंच. शेंगदाणे भाजणारे आमच्या घाटनांदूरच्या बाजारात पैशाला पासरी मिळतात, त्यासाठी पोराला शिकवायची काय गरज होती, असं त्यांनी चुलत्यांना ऐकवलं होतं. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता.

दिवाळीला घरी गेलो ते स्वतः भाजलेल्या बियांचं एक पाकीट घेऊन. दक्षिणेतल्या डोंगरात एक-दोन एकर कॉफी असलेल्या माणसांकडून आम्ही माल घ्यायचो, त्यांनी सांगितलेल्या भावाने. पाकिटाच्या मागे तसं छापलेलंही होतं. वडिलांनी एक घोट घ्यावा आणि माझ्याशी काहीतरी बोलावं, शिवी दिली तरी चालेल, यासाठीच मी ते नेलं होतं. पाकीट आईकडे दिलं आणि आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर आई अंगणात सूप घेऊन बसलेली. आमच्याकडे दाणा कुठूनही येवो, निवडल्याशिवाय चुलीपर्यंत जात नाही. तिने सगळ्या काळ्या बिया घमेल्यात काढल्या होत्या, उकिरड्यावर टाकायला. सुपात मूठभर फिकट बिया उरल्या होत्या.

"लई जाळलंस रे," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्यांनी बघायच्या आत टाकून देते. चांगल्या तेवढ्या ठेवल्यात."

गंमत अशी, की त्या फिकट बिया कच्च्या फळांच्या. कितीही भाजा, काळ्या होत नाहीत. आम्ही कॉफी भाजणारे त्या वेचून फेकतो. एवढ्या माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. मला हसू आलं आणि रागही आला. मी आईला हे समजावत होतो, तेवढ्यात वडील गोठ्यातून आले.

त्यांनी घमेलं पाहिलं. रिकामं पाकीट उचललं, चष्मा लावून मागचा मजकूर सावकाश वाचला. गेल्या हंगामात आडत्याने त्यांचं सोयाबीन डागी म्हणून बाजूला सारलं होतं, साधं हातात घेऊनही पाहिलं नव्हतं. त्याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत; मला चुलत्यांकडून कळलं होतं.

"कुणाच्या तरी रानातलं हाय हे," ते आईला म्हणाले. "चव न घेता काहून टाकतीस?"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी ठेव."

घमेल्यातल्या बिया मी मिक्सरवर दळल्या, उकळत्या पाण्यात टाकून फडक्याने गाळल्या. साखर विचारली तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं. तरी उंबऱ्यावर बसून त्यांनी कप संपवला आणि तळाचा गाळ निरखून पाहिला.

"कडू हाय," ते आईला म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते. "जळालेलं न्हाई."