शिट्टीमास्तरांची सुट्टी

आमच्या ह्यांना सगळं गाव शिट्टीमास्तर म्हणतं. गावच्या पोहायच्या तलावावर हे शिकवायला आहेत. केस क्लोरीनने तांबूस झालेले, गळ्यात शिट्टी, खांद्यावर टॉवेल आणि आवाज असा की ह्यांनी घरात मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन दारात येते. तलावाचे नियम भिंतीवर रंगवलेत, पण भिंतीपेक्षा ते ह्यांच्या अंगात जास्त भिनलेत. आधी शॉवर, मग पाणी. काठावर पळायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम, तिथे थुंकायचं नाही. थुंकणाऱ्याची हे अशी बिनपाण्याची हजामत करतात की तो बिचारा पुढे घरच्या बेसिनमध्येसुद्धा विचार करून थुंकतो.

तलाव सुटला तरी सवय सुटत नाही. कुणाच्या लग्नाला गेलो तर हे जेवणाकडे बघत नाहीत, माणसांची डोकी मोजतात. मला बाथरूममध्ये जरा उशीर झाला की दारावर थाप पडते, "अगं, ठीक आहेस ना? आवाज दे!" अहो, बादलीत बुडणार आहे का मी?

आणि आता गंमत ऐका. गंमत कसली, कप्पाळ! ह्या माणसाने अख्ख्या गावाला पोहायला शिकवलं. डॉक्टरांना शिकवलं, पोस्टमनला शिकवलं, जिना उतरताना कठडा न सोडणाऱ्या माझ्या थोरल्या जावेलाही शिकवलं. फक्त मला नाही. लग्न झाल्यापासून ह्यांचं एकच, "शिकवतो गं, घाई काय आहे?" मी रोज डबा घेऊन तलावावर जायचे, काठावर बसून पाय बुडवायचे आणि रिकामा डबा घेऊन घरी यायचे. घोट्याच्या वर पाणी कसं लागतं ते मला माहीतच नव्हतं.

म्हणून लेकीने आणि जावयाने परदेशातल्या समुद्रकिनाऱ्याची तिकिटं हातात ठेवली, तेव्हाच मी ह्यांना बजावलं, "तिथे मला पोहायला शिकवायचं. नाहीतर मी येत नाही, तुम्ही आणि तुमचा टॉवेल जा." हे म्हणाले, "शिकवतो, शब्द दिला." मी गुपचूप पोहायचा पोशाख घेतला. लांब बाह्यांचा, निळा, त्यावर पिवळी फुलं. आरशात पाहिलं तर नवं कव्हर घातलेल्या सोफ्यासारखी दिसत होते. दिसेना का! निघताना ह्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. तोंडाला कुलूप लावायचं मात्र राहूनच गेलं.

हॉटेलसमोर मऊ वाळू, गादीच्या लांब खुर्च्या, वर छत्री, हाताशी गार सरबत. मी पोशाखावर टॉवेल गुंडाळून ऐसपैस बसले. हे काही बसेनात. हात मागे बांधून पाण्याच्या कडेने येरझाऱ्या चालल्या होत्या.

"अहो, बसा ना जरा. मला शिकवायचंय ना?"

"थांब गं. एवढी माणसं पाण्यात आणि लक्ष ठेवायला एकच गडी? त्याची नजर बघ कुठे आहे."

तो गडी म्हणजे उंच खुर्चीवर बसलेला जीवरक्षक, लाल चड्डी आणि नाकावर पांढरं मलम. त्याची नजर जिथे होती, तिथून मी आधी ह्यांचीच नजर दुसरीकडे वळवली. मग मोजणी सुरू झाली. मोजता मोजता हे एकदम थबकले. "अगं, टकला कुठे गेला?"

"कोण टकला?"

"आत्ता तिथे होता! गेला, खाली गेला!" आणि मी काही बोलायच्या आत ह्यांनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की किनाऱ्यावरचे पक्षी उडाले. "बाहेर! सगळे बाहेर! रांगेत उभे राहा!"

भाषा कुणाला कळणार होती? पण सूर कळला. बघता बघता अख्खा समुद्र रिकामा झाला आणि माणसं निथळत, घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने वाळूत रांगेत उभी राहिली. जीवरक्षकही खुर्चीवरून उतरून रांगेत आला. तेवढ्यात मागच्या बाजूने टकला आला. हातात आइसक्रीम. त्याने ती रांग पाहिली, काही विचारलं नाही आणि निमूटपणे शेवटी जाऊन उभा राहिला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. हे मात्र म्हणाले, "आज नको शिकायला. इथलं वातावरण ठीक नाही." वातावरण बिघडवलं कुणी, ते विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी हॉटेलची बस द्राक्षमळ्यात वाईन चाखायला जाणार होती. म्हटलं, चला, तिथे पाणी नाही, कुणी बुडायचं नाही, माणूस थोडा शांत होईल. डोंबल शांत! मळ्याच्या तळघरात लाकडाची मोठाली पिंपं होती, गारवा होता, आंबूस वास होता. मालकीणबाईंनी प्रत्येकाच्या ग्लासात बोटभर वाईन ओतली. ग्लास गोल फिरवायचा, आत नाक घालायचं, घोट तोंडात खळखळवायचा आणि मधल्या चकचकीत बादलीत थुंकायचा. फार चढू नये म्हणून तशी पद्धत.

पहिलाच एक कोटवाला गृहस्थ बादलीवर वाकला. मी ह्यांच्याकडे पाहिलं तर बोटं तोंडाकडे निघालेली! मी झडप घातली, पण कसलं काय. बंद तळघरात ती शिट्टी अशी घुमली की कोटवाल्याने दचकून वाईन गिळली आणि त्याला ठसका लागला.

"थुंकायचं नाही! एवढे मोठे झालात, लाज नाही वाटत?" हे कडाडले. मालकीणबाई गोड हसत बादली पुढे करताहेत, हे बादली मागे ढकलताहेत, आणि मी पिंपाआड तोंड लपवून उभी.

बरं, माणूस तत्त्वाचा. थुंकायचं नाही म्हणजे नाही. पांढरी गिळली, गुलाबी गिळली, लाल गिळली. मग कोटवाल्याचीही गिळली, तो थुंकेल म्हणून. ह्यांच्या धाकाने बाकीच्यांनीही सगळी गिळलीच होती. थोड्याच वेळात मास्तर बाहेरच्या हिरवळीवर, गाल लालबुंद, डोळ्यांत जगाबद्दल प्रेम. "पाठीवर! सगळे पाठीवर! पोट वर, हनुवटी वर!" आणि खोटं नाही सांगत, सगळे झोपले. कोटवाल्यासकट सगळे गवतावर पाय मारू लागले. हे एकेकाच्या उशाशी बसून मानेखाली हात देत होते, "शाब्बास! घाबरू नकोस, पाणी धरतं आपल्याला."

आधी मला हसू आवरेना. मग ह्यांचा हात मालकीणबाईंच्या मानेखाली गेला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जळले मी, चांगली जळले, त्यात लपवायचं काय? परक्या बाईला गवतात पोहायला शिकवतात आणि मी एवढा समुद्र पुढ्यात असून कोरडी!

सकाळी हे डोकं धरून पडले होते. मी पोशाख चढवला आणि एकटीच निघाले. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. पाय रागाच्या भरात पुढे जात होते.

मागून धपाधप पाणी तुडवल्याचा आवाज आला. हे होते, पायजम्यावरच. ओरडणं नाही, काही नाही. येऊन माझे दोन्ही दंड गच्च धरले.

"बाहेर चल."

"नाही येत जा! अख्ख्या गावाला शिकवलंत, काल त्या बाईलाही शिकवलंत. मीच काय घोडं मारलंय तुमचं?"

हे दंड सोडेनात. मग इतक्या हळू बोलले की तो आवाज ह्यांचा वाटेना. "शिकवायचं म्हणजे शेवटी हात सोडावा लागतो गं. बाकीच्यांचा सोडतो. तुझा नाही सोडवत."

इतकी वर्षं! मला वाटायचं, ह्यांना माझ्यासाठी वेळ नाही. मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम.

"मग नका सोडू," मी म्हटलं. "पण शिकवा."

मी पाठीवर झोपले. पोट वर, हनुवटी वर. पाठीखाली ह्यांचा तळवा होता. किनाऱ्यावर माणसं येत होती, पाण्यात उतरत होती, आणि हे एकालाही मोजत नव्हते.

"सोडतो हं," थोड्या वेळाने म्हणाले. घसा खाकरला. "सोडला! बघ, तरंगतेयस!"

तळवा जिथल्या तिथे होता. पाचही बोटं मला नीट लागत होती.

"अय्या, खरंच की!" मी म्हणाले.