मामांची मशीनगन

रागावण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात सापडायचा नाही. मीही काही थंड डोक्याचा नाही, पण त्यांच्यापुढे मी म्हणजे गार वरण. वीस वर्षं फौजेत हेवी मशीनगन चालवून मामा तापीकाठच्या आमच्या गावी परतले, ते त्या गनचा साद्यंत इतिहास आणि एक निकामी कान घेऊन. हा इतिहास ते कुणालाही, कुठेही, ओरडून सांगतात. एकदा शहाद्याच्या रसवंतीत त्यांनी मालकाला बाजूला सारून चरकाचा दांडा स्वतःच हातात घेतला. "पहिली मशीनगन अशीच व्हती! दांडा फिरावा तवय गोळी!" मग गाडी सुटलीच. गोळीच्या धक्क्यातच पुढची गोळी भरून घेणारी गन आली, नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती पाण्याची टाकी आली, पुढे रणगाडे नि विमानं आली तशी गोळी अंगठ्याएवढी जाड झाली. तोवर गिऱ्हाइकं रस पिऊन निघून गेली होती. पाण्याच्या टाकीचं पुरतं न ऐकता माणसं जातातच कशी, म्हणून मामा घरी येईपर्यंत धुमसत होते.

सिनेमाला तर त्यांना न्यायचीच सोय नाही. पडद्यावरचा नायक तीच गन कमरेशी धरून शंभर जणांना लोळवत होता, तर मामा खुर्चीतून उठून कडाडले, "अरे, पोतंभर वजन शे तिन्हं! तिले ठेवानी तिपाई कोठे शे?" पुढच्या रांगेतल्या बाईंच्या हातून शेंगा सांडल्या. मी मामांना बाहेर ओढत आणलं आणि आठवडाभर बोललो नाही.

यंदा गावात जवानाचा पुतळा बसला. गावातला सर्वांत जुना फौजी म्हणून फीत कापायला मामांनाच बोलावलं. कापड सरकलं, तर सिमेंटचा जवान पाय फाकून एकटा उभा, कमरेशी हेवी मशीनगन. आता तिपाईवरून रामायण होणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण मामांनी तिपाईचं नावही काढलं नाही.

"दुसरा कोठे शे?"

"कोनता दुसरा, मामा?" सरपंच गोंधळले.

"गोळ्यास्ना पट्टा धरनारा! ह्या गनले दोन मानसं लागतस!"

त्यांचा पट्टा धरणारा नर्मदाकाठच्या डोंगरातला पावरा आदिवासी होता. बर्फातल्या एका चौकीवर मामांच्या बाजूलाच तो जीवानिशी गेला. हे मला त्या दिवशी, सगळ्या गावादेखत मामांच्या तोंडून कळलं. इतकी वर्षं मी मामांची टिंगल केली, पण शेजारी कोण बसायचं हे एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःची चीड आली.

"पुतळा आपला गावना जवानना शे," सरपंच समजुतीनं म्हणाले. "त्यान्हा त्यान्हा गावले लावतीन."

"त्यान्हं गाव धरनना पानीखाल गये! पुतळा काय मासास्ले दखाडशात?" मामांनी कात्री फेकली आणि ते चालू लागले.

माझंही डोकं फिरलं. पुतळ्याखाली त्या माणसाचं निदान नाव तरी कोरा, असा अर्ज ग्रामपंचायतीला मीच लिहिला, मामांनी सही केली. उत्तर आलं, संबंधित व्यक्ती गावची रहिवासी नसल्यानं विचार करता येत नाही. त्या कागदावर मी तोंडाला येईल ते बोललो. मामांनी मात्र तो दोनदा वाचला, घडी घातली.

"त्यान्ही माय अजून शे," ते म्हणाले. "पानीना वर, टेकडीवर ऱ्हास. बोटमा बठीसन जाऊत. तिले सांगसूत, पोऱ्याना पुतळा व्हई गया म्हनून."

"मामा, म्हातारीशी खोटं बोलायचं?"

"खोटं कसं?" मामा माझ्याकडे बघत राहिले. "पुतळामा गन शे ना? ती एकटा कोनी चालाडस का?"