खोक्यातली चिठ्ठी

किस्से मुद्दाम जपावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या खोलीत तर सगळंच साठायचं!

आम्ही तिघं मॉडेल ट्रेनवाले. मी जोशी, बँकेतून रिटायर. बापट, कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. आणि हडपसरचे शेखभाई, फर्निचरचे उत्तम कारागीर. दर रविवारी सकाळी नऊला कर्वेनगरला माझ्या फ्लॅटवर जमायचं. तासभर गाड्या पळवायच्या आणि नंतर दोन तास, त्या ठेवायच्या कशा, यावर वाद घालायचा. माझी बायको नलिनी म्हणायची, "मी मेंबर नाही. मी फक्त चहा!"

*

गाडी ज्या खोक्यातून विकत येते, ते मूळ खोकं आमच्यात कधी टाकत नाहीत. त्यामुळे गाड्यांपेक्षा खोक्यांनाच जास्त जागा लागते. एकदा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ डोकावले आणि म्हणाले, "अहो, ही खोकी टाकून द्या, केवढी जागा होईल!"

बापट रुळावरची नजर न काढता म्हणाले, "तुम्ही तुमचा पलंग टाकून द्या. त्याहून जास्त होईल."

ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

*

शेवटी मी शेखभाईंकडून कपाट करून घेतलं. प्रत्येक खोक्याचं माप मिलिमीटरमध्ये लिहून दिलं. दोन आठवड्यांनी कपाट आलं. काय काम होतं! एकेक खोकं आपापल्या कप्प्यात असं बसलं, की बघत राहावं.

मग एक बाहेर काढायला गेलो, तर निघेना! धरायलाच जागा नव्हती.

"साहेब," शेखभाई शांतपणे म्हणाले, "तुम्ही खोक्याचं माप दिलंत. बोटांचं कुठं दिलंत?"

*

कपाट झाल्यावर नियम आला. खोक्यातून इंजिन कोणी नेलं, तर जाताना आत चिठ्ठी ठेवायची. काय नेलं, कुठे नेलं, कधी परत. वस्तू परत आली, की चिठ्ठी फाडायची. आधी नाही.

पहिली चिठ्ठी बापटांची होती. "मालगाडीचे इंजिन दुरुस्तीसाठी नेले आहे. शनिवारी परत. कोणता शनिवार, ते विचारू नये."

*

हा नियम नलिनीने सगळ्यात मनावर घेतला. मी साखरेचा डबा उघडला, तर आत साखरेऐवजी चिठ्ठी! "साखर संपली. आणायला गेले आहे. चहा अर्ध्या तासाने."

बहिणीकडे राहायला गेली, तेव्हा तिच्या उशीवर चिठ्ठी होती. "धाकटीकडे, खराडीला. सोमवारी परत." सोमवारी आल्याआल्या, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी, तिने ती चिठ्ठी फाडली. मी हसलो, तर म्हणाली, "नियम म्हणजे नियम!"

*

माझी एक फुशारकी होती. खोकं नुसतं हातात घेऊन मी आत काय आहे ते सांगायचो. बापट माझे डोळे रुमालाने बांधायचे, शेखभाई खोकी द्यायचे. "पॅसेंजरचा डबा. मालगाडीचं इंजिन. हे नलिनीचं निळं!" ते छोटं निळं इंजिन तिने स्वतः निवडलेलं, तिचं एकटीचं. एकदाही चुकलो नाही.

"उघडून बघायची मला गरजच नाही," असं मी म्हणायचो.

*

मग नलिनीला ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. चार दिवसांचं काम, असं डॉक्टर म्हणाले होते. ती परत आली नाही. तिच्या सामानाची पिशवी हॉस्पिटलने माझ्या हातात दिली. मी ती न उघडता माळ्यावर टाकली.

दोन महिन्यांनी दोघांनी आग्रह करून पुन्हा रविवार सुरू केला. चहा बापटांनी केला. मी निळ्या इंजिनाचं खोकं उचललं. हलकं! रिकामं!

ते इंजिन बिघडलं, की नेहमी बापटच दुरुस्त करायचे. मी त्यांच्यावर घसरलो. "निदान तिची वस्तू तरी विचारून न्यायची!"

"मी चिठ्ठीशिवाय स्क्रूसुद्धा नेत नाही," बापट म्हणाले. "उघडून बघा की."

"मला उघडावं लागत नाही!"

खरं सांगायचं, तर ते रिकामं खोकं बघायची माझी हिंमत नव्हती. बापटांनी चपला घातल्या आणि गेले. एवढ्या वर्षांची मैत्री एका खोक्याच्या वजनावरून मोडली.

त्यानंतर दीड वर्ष रविवार नुसतेच आले. शेखभाई अधूनमधून यायचे, पण तिसऱ्या माणसावाचून वादही रंगत नाही. घर इतकं शांत, की मी कधीकधी डबे न जोडताच नुसतं इंजिन रुळावर फिरत ठेवायचो. तेवढाच आवाज. फार एकटं वाटायचं.

*

गेल्या रविवारची गोष्ट. मुलगी फोनवर मागे लागली होती, "बाबा, आईचं कपाट रिकामं करा, गाड्या त्यात ठेवा." म्हणून कप्पे बसवायला शेखभाईंना बोलावलं. या वेळी कप्पे गाड्यांच्याच मापाचे करायचे, म्हणून ते एकेक खोकं उघडून माप घेत होते. निळ्याचं खोकं उघडलं आणि थांबले.

"साहेब, चिठ्ठी आहे."

अक्षर नलिनीचं. "निळे इंजिन मी नेले आहे. हॉस्पिटलच्या खिडकीत ठेवायला. शनिवारी दोघेही परत."

मी माळ्याकडे बोट दाखवलं. शेखभाई स्टुलावर चढले, हॉस्पिटलची ती पिशवी काढली. तिच्या टॉवेलात गुंडाळलेलं इंजिन निघालं.

मी बापटांना फोन केला. "या," एवढंच बोलता आलं. अर्ध्या तासात आले. त्यांना चिठ्ठी दाखवली. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, "ते नंतर. आधी इंजिन जागेवर ठेवा."

मी ठेवलं. मग नियमाप्रमाणे चिठ्ठी फाडायला घेतली.

बापटांनी माझा हात धरला. चिठ्ठी काढून घेतली, चष्मा लावून पुन्हा वाचली, नीट घडी केली आणि इंजिनाखाली ठेवली.

"दोघं लिहिलंय, जोशी," ते म्हणाले. "एकच आलंय. फाडता येणार नाही."