आधी समोरच्याची बाजू!

कलकत्त्याहून सुट्टीवर आलो की मित्र विचारायचे, "काय रे, घेराव कसा असतो?" एक किस्सा सांगायला जावं, तर पाठोपाठ चार उठतात! सत्तर सालच्या आसपास मी डमडमजवळच्या एका पंख्यांच्या कारखान्यात लेबर ऑफिसर होतो. हेड ऑफिसनं बजावलं होतं, "आणखी एक संप झाला, की कारखान्याला टाळं!"

तेव्हा मॅनेजर मुखर्जीसाहेब आणि युनियनचे सेक्रेटरी हरिपदबाबू यांनी आपणहून एक कमिटी काढली. सरकार नको, कोर्ट नको. नियम एकच: प्रत्येकानं आधी समोरच्याची बाजू मांडायची!

*

पहिल्याच मीटिंगला हरिपदबाबूंनी कंपनीची बाजू मांडली. मुखर्जीसाहेब भारावून म्हणाले, "मोशाय, हे लिहून द्या हो. मला इतकं पटवून सांगता येत नाही!"

*

रंगखात्याची मागणी होती पंख्यांची. पंख्यांच्या कारखान्यात पंखे नाहीत! बाजू मांडायची म्हणून साहेब ऐन मे महिन्यात तासभर तिथे उभे राहिले. परतले ते कोट हातात, टाय खिशात.

मी विचारलं, "मग कंपनीचं म्हणणं काय?"

"कंपनीला म्हणावं, तू उभी राहून बघ!"

दुसऱ्या दिवशी पंखे लागले.

*

एकदा फिटिंग खात्यानं साहेबांना घेरलंच. हरिपदबाबू सियालदहहून धावत आले आणि साहेबांशेजारी ठाण मांडून बसले. "आज यांची बाजू मी मांडणार. माझं बोलणं संपेपर्यंत कुणी हलायचं नाही!"

भाषण दीड तास चाललं. घेराव घालणारेच एकेक करून पसार!

*

घरी बायकोला हा नियम सांगितला, ही माझी चूक. "पुण्याला बदली मागा" हा आमचा जुना वाद. ती म्हणाली, "मांडा आता माझी बाजू!" मांडता मांडता माझेच डोळे भरून आले.

*

आणि तो दिवस! दुर्गापूजेआधीच्या रविवारी काम करायचं की नाही, यावर वाद पेटलेला. मुंबईहून नवे डायरेक्टर टाळेबंदीची नोटीस घेऊनच आले. इथे ते कुणालाच ओळखत नव्हते.

ते आत शिरले तेव्हा मुखर्जीसाहेब बाह्या सारून टेबल बडवत होते, "कामगाराला पोरंबाळं नाहीत? रविवारी एकही माणूस येणार नाही!" समोर इस्त्रीच्या धोतर-झब्ब्यातले हरिपदबाबू शांतपणे ऑर्डरींची यादी वाचत होते.

डायरेक्टर कडाडले, "या टेबल बडवणाऱ्याला आत्ताच्या आत्ता कामावरून काढा!"

हरिपदबाबू ताडकन उठले.

"आमच्या मॅनेजरला हात लावाल," ते गरजले, "तर उद्यापासून संप!"