देवपूरचे नाना आणि माझी गरमी

डॉक्टर नाना गेल्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी शाळेत होतो. संध्याकाळी घरी आलो तर बायको ओट्यावर कार्ड धरून बसलेली. "तुमचे डॉक्टर गेले," म्हणाली... आणि जरा वेळाने, "माझेही." त्याला आता महिना उलटला. धुळ्यात नानांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण त्यांनी माझा संसार कसा वाचवला, हे लिहायला जो निर्लज्जपणा लागतो तो माझ्याचकडे आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जळगावला हायस्कुलात मराठी शिकवायचो, वय बेचाळीस. उन्हाळ्याच्या तोंडाशी मला नको तिथे खाज सुटली. आधी खाज, मग लाली, मग कातडीला भेगा आणि वर दह्यासारखा पांढरा थर. लघवीला गेलो की डोळ्यांत पाणी. अशा दुखण्याला आमच्याकडे एकच शब्द, गरमी. त्याचे अर्थ मात्र दोन. एक, अंगात उष्णता वाढणं. दुसरा, नको त्या वस्तीतून आणलेला रोग. मी कुठेच गेलो नव्हतो म्हणून पहिला अर्थ धरला, पण दुसऱ्याने झोप उडवली. भाषेच्या मास्तराने शब्दावर विसंबून स्वतःच उपचार सुरू केले. सकाळी गुलकंद, दुपारी सब्जाचं सरबत, शाळा सुटल्यावर उसाचा रस, दोन ग्लास. गरमी हटेना म्हणून तिसरा. तहान वाढत चालली तसा मी खूश, म्हटलं उष्णता बाहेर पडतेय.

बायकोला काही सांगितलं नाही. तिला लागण झाली तर? कुठून आणलंत म्हणाली तर? अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं, पेपर तपासायचेत म्हणालो. शाळेला सुट्टी लागली, निकाल लागले, माझे पेपर काही संपेनात... एक दिवस ती भाकरी थापता थापता म्हणाली, "भावाला पत्र टाकलंय. रविवारी येतोय न्यायला. तुम्ही तपासा तुमचे पेपर."

रविवारला चार दिवस उरले होते. जळगावात डॉक्टर पुष्कळ, पण प्रत्येकाचं पोरगं माझ्या वर्गात. म्हणून एसटीने धुळं गाठलं आणि पांझरा नदी ओलांडून देवपुरात नानांच्या दवाखान्यात शिरलो. नाना एरवी अगदी पुस्तकी बोलत, पण पेशंट घाबरलेला दिसला की अहिराणीवर येत. माझ्या एका मित्राला त्रास आहे, असं मी सुरू केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, "भाऊ, खाज मित्रले शे, मंग तू कशाले वळवळ करी राह्यना?"

मी निमूट पडद्यामागे गेलो. त्यांनी पाहिलं, नाक मुरडलं नाही, हात धुतले आणि लघवी मागितली. निळ्या औषधात तिचे थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, पिवळं झालं, शेवटी विटेसारखं लाल. मला वाटलं, संपलं.

"हाई गरमी नही," नाना म्हणाले. "साखर शे."

मधुमेह. लघवीतून साखर जात होती आणि त्या गोडावर बुरशी माजली होती. खाता काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मोठ्या अभिमानाने थंडाव्याची सगळी यादी वाचली. नाना खुर्चीत मागे टेकले. "मास्तर, रोगना पाहुणचार करी राह्यना तू."

लावायला जांभळं औषध दिलं, जागा धुऊन कोरडी ठेवा म्हणाले, साखर उतरवायच्या गोळ्या लिहिल्या, गोड बंद केलं. नुसतं जांभळं लावून बरं वाटेल, पण साखर उतरली नाही तर पुन्हा येईल, हे दोनदा बजावलं. उठताना मी पुटपुटलो, की बायको रविवारी माहेरी चाललीय. त्यांची लेखणी थांबली. उद्या तिला घेऊन या, म्हणाले. तिलाही तपासायला हवं, आणि हे तुमच्या तोंडून तिला पटायचं नाही.

दुसऱ्या दिवशी जळगाव ते धुळे ती खिडकीबाहेर बघत होती. एरंडोल आलं, तिचं माहेर... ती उतरते की काय, म्हणून मी दांडी धरून बसलो. उतरली नाही. नानांनी तिला समोरच्या खुर्चीत बसवलं, मला कोपऱ्यातल्या स्टुलावर. "अक्का, नवरा कुठे गेला नव्हता. रसवंतीवर गेला होता." तिला तपासलं, लागण नव्हती. मग माझ्या लघवीची नळी पुन्हा तापवून तिला रंग दाखवला. ती बघत राहिली, आणि माझ्याकडे न पाहता तिने विचारलं, "याने माणूस मरतो का?" दोन महिन्यांत हा प्रश्न मला शिवला नव्हता. मी फक्त अब्रू जाईल म्हणून घाबरत होतो.

"लपवलं तर मरतो," नाना म्हणाले.

रविवारी मेहुणा आला, जेवला आणि एकटाच परत गेला. दोरीवरची माझी जांभळी धोतरं पाहून त्याने शाई सांडली का विचारलं. मास्तर आहेत, सांडायचीच, ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं देवपूरला जाऊन आलो. दवाखान्याला कुलूप. पायरीपाशी एक चाळिशीचा माणूस पाय जरा फाकवून उभा होता, कुलपाकडे बघत. ते उभं राहणं मी ओळखलं आणि नजर रस्त्याकडे वळवली. बायकोने वळवली नाही. सरळ त्याच्यापाशी जाऊन विचारलं, "भाऊ, लघवी तपासली का?" त्या बिचाऱ्याचा चेहरा उतरला, पुरुषाने पुरुषाकडे मदत मागावी तसा तो माझ्याकडे बघू लागला. मी घसा खाकरला... आणि भर रस्त्यात म्हणालो, "मलाही हेच झालं होतं. चला, दुसरा डॉक्टर शोधू."